परसदारचा हलता खांब

मागच्या उन्हाळ्यात आमच्या परसदारच्या कुंपणाचा कोपऱ्यातला लाकडी खांब हलू लागला. कुंपण वाकले आणि शेजारच्या शेळ्या वांग्या-मिरचीची रोपे खाऊन गेल्या. त्यावरून बोलाचाली झाली. एकाच विहारात वंदनेला बसणारी दोन घरे आठ दिवस एकमेकांशी बोलेनात!

शेवटी आम्ही पहार घेतली. आवाज ऐकून शेजारचे दादाही आले. खांब उपटून ठोकून पाहिला. लाकूड पक्के होते. पोकळ आवाज आला असता, तर बदलावाच लागला असता. कारण मातीलगत ओल आणि हवा दोन्ही मिळतात, तिथेच लाकूड आधी कुजते. आमच्याकडे दोष मातीचा होता. काळी माती पावसात फुगते, उन्हात भेगाळते आणि खांबाची पकड सुटते.

खांबाच्या बुडाला डांबर लावून सुकू दिले. सहा फुटी खांबासाठी दोन फूट खड्डा खणला. पाणी निचरावे म्हणून तळाला चार बोटे खडी टाकली. दादांनी ओळंबा धरला. काळ्या मातीऐवजी मुरूम आणि दगडगोटे थोडेथोडे टाकून प्रत्येक थर पहारीने ठोकला. वर पाणी साचू नये म्हणून बाहेरच्या बाजूला उतार दिला.

काम संपल्यावर दादांच्याच घरी चहा झाला. तथागतांनी कार्यकारणभाव शिकविला. आम्ही मात्र कारण न शोधता शेजाऱ्याला दोष देत बसलो होतो.

बंधू-भगिनींनो, पावसाळ्यापूर्वी आपापले खांब एकदा हलवून पाहा. जय भीम!