आयत्या वेळची तजवीज

संध्याकाळी सातला चार पाहुणे अकल्पितपणे दारात उभे राहावेत, साडेसातच्या सुमारास त्यांच्यापुढे गरम अन्नाची पाने मांडलेली असावीत, आणि मधल्या अर्ध्या तासात घरातल्या कोणाच्याही चर्येवर ओढाताणीची छाया उमटू नये, ही गोष्ट ज्या घरांत सहज घडत असे, त्या घरांचे रहस्य शोधावयास चुलीपाशी जाणारा मनुष्य बहुधा रिकाम्या हाताने परततो. कारण ते रहस्य कोठीच्या फळीवर, झाकण घट्ट बसलेल्या डब्यांत असे. सोपा स्वयंपाक म्हणजे थोडक्या वेळात उरकलेला स्वयंपाक, अशी समजूत हल्ली रूढ झाली आहे आणि तिच्यात अर्धे सत्य आहे. उरलेले अर्धे असे की, त्या थोडक्या वेळामागे फुरसतीच्या दिवशी केलेले बरेच काम शिलकीस पडलेले असते. श्रम फारसे वाचत नाहीत. ते केव्हा करावयाचे याची मुभा तेवढी आपल्या हाती येते, आणि घरच्या जेवणाच्या बाबतीत ही मुभा फार मोलाची होय.

कारभार जाणणाऱ्यांना हा भेद पूर्वीच ठाऊक होता. शिवकालीन अठरा कारखान्यांच्या यादीत मुदपाकखाना आणि अंबारखाना ही दोन निरनिराळी खाती आढळतात. शिजवणाराने शिजवावे, साठवणाराने साठवावे, असा तो बंदोबस्त. पन्हाळगडावरची गंगा, यमुना व सरस्वती या नावांची प्रचंड धान्यकोठारे आजही उभी आहेत, आणि ती पाहताना पोटाच्या व्यवस्थेत साठवणीचे खाते केवढे जबर असावे लागते याचा अंदाज येतो. ग्रंथांनी मात्र पहिल्या खात्याची बाजू अधिक सांभाळली. रामचंद्र सखाराम गुप्ते यांचे ‘सूपशास्त्र’ १८७५ साली छापले गेले, लक्ष्मीबाई धुरंधर यांनी १९१० साली ‘गृहिणी-मित्र’मधून एक हजार पाकक्रिया गृहिणींच्या हाती दिल्या, आणि १९७० साली आलेल्या कमलाबाई ओगले यांच्या ‘रुचिरा’ने वाटी-चमच्याचे माप घेऊन नवशिक्या मुलींची मोठीच सोय केली. यांतल्या कृतींबद्दल कृतज्ञताच वाटावी. परंतु आज कोणते काम आटोपून ठेवले असता पुढच्या महिन्यातली कोणती संध्याकाळ निभेल, हा हिशेब कृतीत मावत नाही; तो ज्या त्या घराच्या शिरस्त्यावर सोडावा लागतो.

या हिशेबातील पहिली आणि सर्वांत भरवशाची रक्कम म्हणजे थालीपिठाची भाजणी. प्रमाण घरोघरी वेगळे, आणि प्रत्येक घर आपलेच प्रमाण शास्त्रोक्त मानते. तरी बाजरी व ज्वारी प्रत्येकी अर्धा किलो, तांदूळ आणि हरभऱ्याची डाळ प्रत्येकी पाव किलो, गहू तेवढेच, उडदाची डाळ आतपाव, वाटीभर धणे आणि दोन मोठे चमचे जिरे, एवढ्या जिनसांवर नवख्या माणसाने सुरुवात करण्यास हरकत नाही. यात चुकण्याची जागा प्रमाणात नसून भाजण्यात आहे. सगळी धान्ये एकदम कढईत लोटण्याचा मोह होतो, पण उडदाची डाळ लवकर तांबूस होते, हरभऱ्याची डाळ आपला वेळ घेते, आणि जिरे तर पाहता पाहता करपते. म्हणून प्रत्येक जिन्नस वेगळा, मंद आचेवर, बूड जड असलेल्या कढईतच भाजला पाहिजे. झाले की नाही हे रंगावरून पुरते कळत नाही. दोन दाणे तोंडात टाकावे. दाताखाली ते कुरकुरीत फुटले आणि मध्यभागी कच्चटपणा लागला नाही, म्हणजे उतरवावे. नंतर कागदावर पसरून पूर्ण निवेपर्यंत त्यास हात लावू नये, कारण ऊनऊन धान्य डब्यात भरले तर त्याचीच वाफ त्यास दमट करते, आणि भाजण्याचा निम्मा हेतू धुळीस मिळतो. तो हेतू असा, की दाण्यातला ओलावा जावा, म्हणजे पीठ दोन-तीन महिने टिकते आणि त्यास कीड लवकर लागत नाही. शिवाय डाळींचा उग्रपणा मरतो आणि पिठास जो खमंगपणा येतो तो पुढे कोणत्याही मसाल्याने आणता येत नाही. गिरणीवाल्यास मात्र आपल्या आधी कोणाचे दळण झाले हे विचारून घ्यावे. मिरचीच्या दळणापाठोपाठ दळलेली भाजणी पहिल्या घासालाच आपली हकिगत सांगते.

डबा भरलेला असला म्हणजे पुढचे काम पोरखेळ. दोन वाट्या भाजणीत एक मोठा कांदा बारीक चिरून, तिखट, मीठ, हळद, मूठभर कोथिंबीर आणि चमचाभर कडकडीत तेलाचे मोहन घालून कोमट पाण्याने सैलसर भिजवावे. चार-पाच थालीपिठे होतात. बाजरी-ज्वारीच्या पिठास गव्हाची ताण नसते, ते लाटू म्हटले तर फाटते, म्हणूनच थापण्याचा हा प्रघात पडला. आणि उडदाची डाळ जी थोडीशी घातलेली असते, ती या निराधार पिठास धरून ठेवण्याच्या कामी येते. मध्ये बोटाने पाडलेली भोके शोभेची नव्हेत. त्यांतून सोडलेले तेल खालपर्यंत पोहोचते आणि वाफेस वाट मिळते, त्यामुळे जाड थालीपीठही आतून शिजते. वर झाकण, मंद आच, आणि कडा सुटू लागल्या की एकदाच उलटणे. सोबत लोण्याचा गोळा किंवा दही असले की पानात दुसरे काही मागण्याचा कोणास हक्क राहत नाही.

भाजणीचा डबा रिकामा निघाला तर? तर पिठले. डाळीचे पीठ नाही असे घर महाराष्ट्रात सापडणे दुर्मीळ, आणि तांदळाच्या कुकरची शिट्टी होते न होते तोच पिठले तयार झालेले असते. तथापि, या पदार्थाची जितकी उपेक्षा होते तितकी क्वचितच दुसऱ्याची होत असेल; ‘काय, पिठले-भातच ना’ असे म्हणून जे रांधतात त्यांच्या हातून ते हटकून बिघडते. वाटीभर पिठास साडेतीन वाट्या पाणी धरावे. त्यांपैकी दीड वाटी थंड पाण्यात पीठ आधी नीट कालवून घ्यावे आणि उरलेले पाणी मोहरी, हिंग, हळद, ठेचलेला लसूण, हिरवी मिरची व कांदा यांच्या फोडणीत ओतून उकळू द्यावे; मग कालवण एका हाताने बारीक धारेने सोडीत दुसऱ्या हाताने ढवळत राहावे. कोरडे पीठ उकळत्या पाण्यात पडले की त्याचा बाहेरचा थर तत्काळ शिजून चिकट होतो आणि आतले पीठ कोरडेच्या कोरडे कोंडले जाते. गुठळी म्हणतात ती हीच. गंमत अशी, की कित्येक घरांत पीठ मुद्दाम वरून पेरून गाठीचे पिठले करतात आणि त्या गाठींसाठी मुले भांडतात. म्हणजे दोष कोणता आणि गुण कोणता, हे पुष्कळदा हेतूवर ठरते. काही झाले तरी पीठ पडल्यावर झाकण ठेवून पाच-सात मिनिटे मंद आचेवर ते रटरटले पाहिजे. ही मिनिटे वाचवू पाहणाऱ्याचे पिठले कच्चे लागते आणि पुढे पोटातही आपली नाराजी नोंदवते.

येथवर चार-सहा माणसांची गोष्ट झाली. बारा-पंधरा माणसे जमावयाची असतील, मग ती कोजागरीची असोत, मुलाच्या परीक्षेच्या निकालाची असोत किंवा निव्वळ गप्पांची, तर एक नियम कटाक्षाने पाळावा: पंगतीस तव्यावरचा पदार्थ योजू नये. थालीपीठ, घावन, धिरडे, पुरणपोळी हे सारे पदार्थ एकामागून एक उतरतात. खाणारे दिवाणखान्यात हास्यविनोद करीत असतात आणि करणारी व्यक्ती घामाघूम होऊन ओट्याशी खिळलेली राहते. ही व्यक्ती बहुतेक घरांत स्त्रीच असते, आणि ज्या जुन्या कोठीचे मी वर कौतुक केले, तिची सारी मदारही तिच्याच हातांवर होती, हे न सांगता त्या व्यवस्थेची तारीफ करणे हे रोजकीर्दीत जमेची बाजू लिहून खर्चाचे पान फाडून टाकण्यासारखे होईल. भाजणी भाजावयास, नारळ खवावयास आणि पंगतीनंतरची पातेली घासावयास पुरुषांनी बसावे यास कोणत्याही शास्त्राची आडकाठी नाही. नारळ खवण्याच्या कामात तर त्यांच्या मनगटाचे बळ काही उपयोगास येईल.

एकाच पातेल्यात सर्वांसाठी एकदम होणारा पदार्थ म्हणजे मसालेभात, आणि लग्नकार्यांच्या पंगतींत त्यास जे अढळ स्थान मिळाले त्याचे कारण चवीइतकेच या सोयीतही असावे. चार वाट्या तांदूळ धुऊन अर्धा तास निथळत ठेवावे. आंबेमोहर असल्यास भात मऊ व सुवासिक होतो, पण पंगत लांबण्याची धास्ती असेल तर मोकळा राहणारा एखादा जुना तांदूळ बरा. तोंडली उभी चिरलेली, वांग्याच्या फोडी आणि हिवाळा असेल तर मटार, असा भाजीचा ऐवज तांदळाच्या बरोबरीने घ्यावा. तेलाच्या फोडणीत मोहरी, हिंग, हळद, तमालपत्र पडले की भाजी व तांदूळ परतावे. दाणे तेलाने माखून चकाकू लागेपर्यंत धीर धरावा. मग तीन-चार चमचे गोडा मसाला, मीठ, चिमूटभर गूळ, आणि तांदळाच्या दुप्पट पाणी, तेही उकळते. थंड पाणी ओतले तर तापलेले पातेले एकदम निवते, तांदूळ त्यात भिजत पडतो आणि भात गिजका होण्याचा संभव वाढतो. आधण आल्यावर आच मंद करून झाकण ठेवावे, आणि मध्ये उचटणे घालण्याचा मोह आवरावा. वाढताना खवलेला नारळ, कोथिंबीर, साजूक तूप. शेजारी आले व हिरवी मिरची वाटून लावलेला मठ्ठा. भरीला जिलबी विकत आणावी. घरी केलेल्या जिलबीचा अभिमान धरण्याइतके आयुष्य मोठे नसते.

या भातात गोडा मसाला हीच पुन्हा साठवणीची रक्कम. धणे, तीळ, सुके खोबरे, दगडफूल, नागकेशर, दालचिनी, लवंग अशा जिनसा तेलावर निरनिराळ्या भाजून कुटलेला हा मसाला वर्षातून एक-दोनदा करावा लागतो. तीळ-खोबऱ्याच्या तेलकटपणामुळे तो फार दिवसांनी खवट होण्याची भीती असते, तेव्हा थोडा वापरातल्या बरणीत आणि उरलेला शीतकपाटात ठेवणे शहाणपणाचे. परदेशी राहणाऱ्या मराठी कुटुंबांच्या सामानात मेतकूट, भाजणी आणि हा मसाला यांची पुडकी आवर्जून असतात, आणि तिथल्या शनिवारच्या जेवणावळी त्यांच्याच बळावर उठतात.

दुपारच्या चार वाजताच्या बैठकीस भाताचा खटाटोप नको असतो. तेथे कोकणातले दडपे पोहे उत्तम. साळ भिजवून, तापवून, चेपून पोहे केले जातात, तेव्हाच त्यांतला कच्चेपणा गेलेला असतो, त्यामुळे त्यांना आता फक्त ओलावा हवा. तो ओलावा पाण्याऐवजी ओल्या नारळाने आणि कांद्याने द्यावा, एवढीच या पदार्थाची युक्ती. सहा माणसांस चार वाट्या पातळ पोहे, वाटीभर खवलेला नारळ, दोन बारीक चिरलेले कांदे, मीठ, साखर, लिंबू, आणि नारळ फोडताना धरलेले त्याचे पाणी हे सर्व हाताने हलके कालवावे, वर ताटली उपडी घालून तीवर वरवंटा किंवा पाण्याने भरलेला तांब्या ठेवावा, आणि पंधरा-वीस मिनिटे गप्पा माराव्या. मग हिंग-मोहरी, हळद, मिरची व शेंगदाण्याची चरचरीत फोडणी, आणि वर पोह्याचे पापड चुरून. कालवलेले पोहे ताटकळत ठेवले तर लगदा होतो. तेव्हा पाहुणे आल्याची खात्री झाल्यावरच नारळ फोडावा.

ज्यांना भांडीकुंडीच नकोत त्यांनी थंडीत रायगड जिल्ह्यात जाऊन पोपटी पाहावी. मडक्यात तळाशी भांबुर्डीचा पाला, त्यावर वालाच्या शेंगा, बटाटे, कांदे, आवडीप्रमाणे अंडी किंवा मसाला लावलेली कोंबडी, पुन्हा पाला. मडके शेतात उपडे ठेवून भोवती पेंढा-काटक्यांचा जाळ. पाण्याचा थेंब लागत नाही, शेंगांचा आणि पाल्याचा स्वतःचा ओलावाच वाफ होऊन आतले सर्व शिजवतो, आणि अर्ध्या-पाऊण तासात मडके मोकळे करता येते. तेथे यजमान कोण आणि पाहुणा कोण हे ओळखू येत नाही, कारण पाला तोडण्यापासून जाळ राखण्यापर्यंत प्रत्येकाच्या वाट्यास काही ना काही काम आलेले असते.

घरच्या बैठकीतही ही वाटणी करता येते, संकोच तेवढा सोडला पाहिजे. आलेल्या मंडळींपैकी कोणी कोथिंबीर निवडावी, कोणी ताक घुसळावे. रिकाम्या हातांनी बसलेल्या पाहुण्यास भूकही लवकर लागते आणि तो घड्याळाकडेही वारंवार पाहतो. जेवणे झाल्यावर आमटी उरली असेल तर ती टाकून देऊ नये. दुसऱ्या दिवशी भाजणी पाण्याऐवजी तिच्यातच भिजवावी, मीठ मात्र जपून घालावे, कारण आमटीत ते आधीच पडलेले असते. मसालेभात उरला असेल तर त्यावर पाण्याचा हबका मारून झाकण ठेवून एक वाफ आणावी. पण उन्हाळ्यात तो रात्रभर ओट्यावर न ठेवता निवताच शीतकपाटात जावा.