डोळा लाल नाही, तरी दुखतो

मल्टिपल स्क्लेरोसिस, म्हणजे एमएसमध्ये, डोळ्याची सूज बहुधा आरशात दिसत नाही. ती डोळ्यामागच्या ऑप्टिक नर्व्हला येते. शरीराची प्रतिकारशक्ती या मज्जातंतूवरचे मायलिनचे आवरण पोखरते आणि मेंदूकडे जाणारा संदेश मंदावतो. यालाच ऑप्टिक न्यूरायटिस म्हणतात. सुमारे वीस टक्के रुग्णांत एमएसची सुरुवातच इथून होते. तरीही निदानाच्या निकषांत ऑप्टिक नर्व्हला इजा शोधण्याच्या पाचव्या जागेचा मान मिळायला 2025 साल उजाडले. हा उशीर खटकणारा आहे.

एका डोळ्याची नजर काही दिवसांत धूसर होते, डोळा फिरवला की कळ येते, रंग विटतात. एक डोळा झाकून डाळिंबाच्या दाण्यांकडे पाहावे, मग दुसरा झाकून. आजारी डोळ्याला तोच लाल रंग धुतल्यासारखा फिका दिसतो. इंदापूर तालुक्यात डाळिंबाला तोटा नाही; मात्र यावरून निदान होत नाही, डॉक्टरांकडे धाव घ्यायची एवढेच कळते.

उन्हाने वा श्रमाने अंग तापले की नजर आणखी मंदावते. नेत्रतज्ज्ञ विल्हेल्म उथॉफ यांनी 1890 मध्ये श्रमानंतरचे हे मंदावणे नोंदवले. उजनी धरणाचे पाणी उतरले की पळसदेवच्या जुन्या पळसनाथ मंदिराचे शिखर उघडे पडते, तशी अंग तापल्यावर जुनीच इजा वर येते. अंग निवले की नजर परतते. हा नवा झटका नव्हे.

एमएस इथला आजार नाही, हा समजही चुकीचा. डॉ. नोशीर वाडिया यांनी 1990 मध्ये भारतातल्या पारशी समाजात तो लक्षणीय प्रमाणात असल्याचे दाखवून दिले. मात्र ऑप्टिक नर्व्हचा असाच दाह एनएमओ आणि मॉग या वेगळ्या आजारांतही होतो. त्यांचे उपचार निराळे, म्हणून रक्तातल्या अँटिबॉडी तपासाव्या लागतात.

डोळ्याचा दुसरा दाह, युव्हिआयटिस, म्हणजे डोळ्याच्या मधल्या थराचा दाह, एमएसच्या शंभरात जेमतेम एकाला होतो. त्यावर टीएनएफ रोखणारी औषधे टाळतात, कारण त्यांनी एमएस बळावू शकतो.

ऑप्टिक न्यूरायटिसच्या उपचारांत सर्वांत महत्त्वाचा धडा 1992 च्या अमेरिकी चाचणीने दिला. 457 रुग्णांपैकी ज्यांना शिरेतून मिथाइलप्रेडनिसोलोन हे स्टेरॉइड मिळाले त्यांची नजर लवकर सुधारली, पण वर्षअखेर फारसा फरक उरला नाही. नेहमीच्या डोसच्या नुसत्या प्रेडनिसोन गोळ्यांवर असलेल्यांत मात्र दाह उलटण्याचे प्रमाण जवळजवळ दुप्पट होते. दुकानातून स्टेरॉइडच्या गोळ्या आणून घेणे म्हणूनच धोक्याचे.

नजर सुधारली तरी मेंदूचा एमआरआय टाळू नये, पळसदेवहून पुणे शंभरावर किलोमीटर असले तरी. चाचणीतल्या त्याच रुग्णांत पुढच्या 15 वर्षांत, सुरुवातीच्या एमआरआयमध्ये एकही डाग नसलेल्यांपैकी 25 टक्क्यांना एमएस झाला. एक वा अधिक डाग असलेल्यांपैकी 72 टक्क्यांना.