गर्भीय हिमोग्लोबिन

गर्भीय हिमोग्लोबिन (हिमोग्लोबिन-एफ) हे गर्भावस्थेच्या बहुतांश काळात रक्तातून प्राणवायू वाहून नेणारे प्रथिन होय. जन्मानंतर काही महिन्यांत त्याची जागा प्रौढ हिमोग्लोबिन घेते. हा पालट जनुकांची मूळ रचना न बदलता, ती कार्यरत अथवा निष्क्रिय ठेवणाऱ्या यंत्रणेमुळे घडतो. अशा नियंत्रणास एपिजेनेटिक नियंत्रण म्हणतात. कोरपना तालुक्यासह चंद्रपूर व गडचिरोली जिल्ह्यांत आढळणाऱ्या सिकलसेल आजाराचे स्वरूप व उपचार या पालटाशी निगडित आहेत.

रचना व निर्मिती

गर्भीय हिमोग्लोबिनच्या रेणूत दोन अल्फा व दोन गॅमा साखळ्या असतात. प्रौढ हिमोग्लोबिनमध्ये गॅमाऐवजी बीटा साखळ्या असतात. गर्भीय प्रकार प्राणवायूला अधिक घट्ट धरतो, त्यामुळे वारेतून मातेच्या रक्तातील प्राणवायू गर्भाला मिळतो.

गर्भातील पहिल्या रक्तपेशी पीतक कोशात तयार होतात. आयुष्यभर पुरणाऱ्या रक्ताच्या मूलपेशी मात्र गर्भाच्या महाधमनीच्या भित्तिकेतून उगम पावतात, यकृतात वाढतात आणि अखेर अस्थिमज्जेत स्थिरावतात.

जनुकांचे नियंत्रण

अकराव्या गुणसूत्रावर एप्सिलॉन, दोन गॅमा, डेल्टा व बीटा ही जनुके ओळीने असतात आणि साधारणतः त्याच क्रमाने कार्यरत होतात. प्रौढ अवस्थेत बीसीएल-११-ए हे प्रथिन गॅमा जनुकांच्या आरंभस्थानाजवळ बसून त्यांना निष्क्रिय ठेवते. डीएनएवरील मिथिल गटांच्या खुणा आणि हिस्टोन प्रथिनांमधील बदल यांमुळे ही बंदी टिकून राहते. या प्रथिनाची भूमिका २००८ मध्ये स्टुअर्ट ऑर्किन, विजय शंकरन व त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवून दिली.

सिकलसेल आजाराशी संबंध

या आजारात बीटा साखळीतील सहाव्या स्थानी ग्लुटामिक आम्लाऐवजी व्हॅलिन येते. प्राणवायू कमी होताच असे रेणू एकमेकांस चिकटतात व तांबडी पेशी विळ्याच्या आकाराची होते. गर्भीय हिमोग्लोबिन या चिकटण्यास अडथळा आणते. म्हणूनच बाधित बालक जन्मतः निरोगी दिसते आणि साधारण सहा महिन्यांनंतर, गॅमा जनुके मंदावल्यावर, हातापायांना सूज, वेदना, पंडुरोग ही लक्षणे दिसू लागतात. न्यूयॉर्कमधील बालरोगतज्ज्ञ जॅनेट वॉटसन यांनी १९४८ मध्ये या संरक्षणाकडे लक्ष वेधले होते. याच कारणामुळे गावपातळीवरील विद्राव्यता चाचणी तान्ह्या बाळांत विश्वसनीय ठरत नाही. त्यांच्यासाठी हिमोग्लोबिनचे प्रकार वेगळे करून दाखवणारी प्रयोगशाळेतील तपासणी लागते.

भारतातील सिकलसेल रुग्णांत प्रामुख्याने आढळणाऱ्या ‘अरब-भारतीय’ जनुकीय प्रकारात गर्भीय हिमोग्लोबिन तुलनेने अधिक राहते. त्यामुळे येथील आजार सौम्य असल्याचा समज होता. तथापि नागपूर येथील बालरुग्णांच्या अभ्यासांत तीव्र आजारही आढळून आला आहे.

उपचार

मिथिल गटांची खूण पुसणाऱ्या ५-अॅझासायटिडीन या औषधाने गॅमा जनुके पुन्हा कार्यरत होऊ शकतात, हे १९८२ मध्ये दिसून आले. गर्भीय हिमोग्लोबिन वाढवणारे हायड्रॉक्सीयुरिया हे औषध तोंडावाटे घेता येते व आज सर्वाधिक वापरात आहे. ते वैद्यकीय देखरेखीखाली व वेळोवेळी रक्त तपासूनच द्यावे लागते. २०२३ च्या अखेरीस ब्रिटन व अमेरिकेत कॅसजेव्ही या उपचारास मान्यता मिळाली. त्यात रुग्णाच्याच मूलपेशींतील बीसीएल-११-ए जनुकाचा, तांबड्या पेशींपुरता कार्य करणारा नियंत्रक भाग निकामी केला जातो. हा उपचार अत्यंत खर्चिक असून त्यापूर्वी तीव्र रसायनोपचार आवश्यक असतो.

भारतात १ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशातील शहडोल येथे राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन अभियानास प्रारंभ झाला; २०४७ पर्यंत निर्मूलन हे त्याचे उद्दिष्ट आहे. दोन्ही पालक वाहक असल्यास प्रत्येक गर्भारपणात अपत्य बाधित होण्याची शक्यता २५ टक्के असते. त्यामुळे विवाहपूर्व तपासणी, बालकाचे लक्षणांपूर्वीच निदान आणि औषधाचा अखंड पुरवठा यांना वनक्षेत्रातील तालुक्यांत विशेष महत्त्व आहे.