पल्ल्याचे गणित : लांब पल्ल्याची नेमबाजी आणि लेझर रेंजफाइंडरची निवड

रायफलीच्या नळीतून बाहेर पडताक्षणी गोळी गुरुत्वाकर्षणाने खाली खेचली जाऊ लागते आणि हवेच्या रोधामुळे तिचा वेगही सतत घटत जातो. त्यामुळे पल्ला जितका लांब, तितक्या तीव्र उताराने ती लक्ष्यापर्यंत पोहोचते. अंतराच्या अंदाजातील जी चूक जवळच्या पल्ल्यावर खपून जाते, तीच लांबच्या पल्ल्यावर नेम पूर्ण चुकवते, याचे कारण हेच होय. ‘.३०८ विंचेस्टर’ या प्रचलित काडतुसातील १७५ ग्रेन, म्हणजे सुमारे ११.३ ग्रॅम वजनाच्या गोळीचे उदाहरण घेतले, तर ३०० मीटरच्या आसपास अंतराचा अंदाज २० मीटरने चुकल्यास गोळी पाच-सहा सेंटिमीटर वर किंवा खाली लागते. ९०० मीटरवर मात्र तेवढ्याच चुकीने सुमारे ४० सेंटिमीटरचा फरक पडतो. अमेरिकेच्या पश्चिमेकडील डोंगराळ राज्यांत ज्याची शिकार केली जाते, त्या म्यूल डिअर या हरणाच्या छातीतील हृदय-फुप्फुसांचा मर्मभाग जेमतेम २० ते २५ सेंटिमीटर रुंदीचा असतो, हे लक्षात घेतले म्हणजे दुसऱ्या चुकीचा अर्थ जखमी होऊन पळून जाणारे जनावर असा होतो.

अंदाजाकडून मोजमापाकडे

लेझरपूर्व काळात अंतर काढण्याचे दोन मार्ग होते. पहिला मार्ग त्रिकोणमितीचा. आर्चिबाल्ड बार आणि विल्यम स्ट्राउड या दोन प्राध्यापकांनी १८८८ पासून विकसित केलेल्या यंत्रात एका लांब नळीच्या दोन टोकांकडून येणाऱ्या प्रतिमा जुळवून अंतर वाचले जाई आणि ब्रिटिश नौदलाने ते लवकरच स्वीकारले. परंतु अचूकता नळीच्या लांबीवर अवलंबून असल्याने एकट्या शिकाऱ्याच्या खांद्यावरच्या पिशवीत ते मावण्यासारखे नव्हते. दुसरा मार्ग दुर्बिणीतील खुणांचा. मिलिरेडियन, म्हणजेच ‘मिल’, हे कोनाचे असे माप आहे की १,००० मीटरवर एक मिल म्हणजे एक मीटर. म्हणून वस्तूची मीटरमधील उंची हजाराने गुणून ती जितके मिल व्यापते त्या संख्येने भागली की अंतर मिळते. पाठीपासून छातीच्या तळापर्यंत ४५ सेंटिमीटर भरणारे हरिण दुर्बिणीत ०.७५ मिल दिसले, तर ते ६०० मीटरवर उभे आहे. पण हात किंचित हलून तेच माप ०.७ वाचले गेले, तर उत्तर ६४३ मीटर येते. त्यातच हरिण वयाने लहान आणि ४२ सेंटिमीटरचेच असेल, तर सूत्र बरोबर असूनही उत्तर चुकते, कारण सूत्राला लागणारी उंची मुळात अंदाजानेच धरलेली असते.

थिओडोर मेमन यांनी मे १९६० मध्ये कॅलिफोर्नियातील ह्यूजेस संशोधन प्रयोगशाळेत पहिला लेझर चालवून दाखवला आणि पुढच्याच वर्षी त्याच कंपनीने लेझरने अंतर मोजण्याचे प्रात्यक्षिक केले. रणगाडे आणि तोफखाना यांच्यासाठी वापरले जाणारे हे तंत्र १९९० च्या दशकात हातात मावणाऱ्या उपकरणांच्या रूपाने सामान्य शिकाऱ्यापर्यंत पोहोचले. त्याचे तत्त्व सरळ आहे : उपकरण अदृश्य प्रकाशाचा अत्यल्प काळाचा स्पंद सोडते, तो लक्ष्यावरून परावर्तित होऊन परत येईपर्यंतचा वेळ मोजते आणि प्रकाशाच्या वेगावरून अंतर काढते. प्रकाश सेकंदाला २९,९७,९२,४५८ मीटर जात असल्याने १,००० मीटरवर जाऊन परतण्यास त्याला सुमारे ६.६७ मायक्रोसेकंद पुरतात, आणि एका मीटरचा फरक ओळखायचा तर ६.६७ नॅनोसेकंद, म्हणजे सेकंदाच्या अब्जांश भागांतील वेळ मोजावा लागतो. एवढे काम आज साधारण किमतीची उपकरणेही करतात, म्हणून ग्राहकाने तुलना करायची ती घड्याळाच्या अचूकतेची नव्हे, तर परतणारा प्रकाश पुरेसा आहे की नाही आणि तो नेमका कोठून परतला याची.

खोक्यावरचा आकडा आणि किरणशलाकेची रुंदी

खोक्यावर ठळकपणे छापलेला कमाल पल्ला बहुधा चकचकीत, प्रकाश परतवणाऱ्या लक्ष्यासाठी असतो. झाडासाठी तो बराच कमी आणि हरणाच्या मऊ, मातकट कातडीसाठी त्याहून कमी असतो. त्यामागे भौतिक कारण आहे. लेझरचा ठिपका लक्ष्यापेक्षा लहान असेल, तर अंतर दुप्पट झाल्यावर परतणारा प्रकाश एक चतुर्थांश होतो. ठिपका लक्ष्यापेक्षा मोठा असेल, तर तो एक षोडशांशावर येतो. भर उन्हात सूर्यप्रकाश शोधकापर्यंत पोहोचून हा क्षीण संकेत आणखी झाकोळतो, तर धुके आणि पाऊस वाटेतच प्रकाश विखुरतात. म्हणून तांत्रिक पत्रकात ‘हरणासाठीचा पल्ला’ वेगळा दिलेला असल्यास तोच वाचावा.

किरणशलाका दूर जाताना जितकी फाकते, त्या प्रमाणाला अपसरण म्हणतात. दीड मिलिरेडियन अपसरणाची शलाका १,००० मीटरवर दीड मीटर रुंद होते. म्हणजे हरणाबरोबरच पुढचे गवत आणि मागचा उतारही त्या ठिपक्यात येतो आणि पडद्यावरचा आकडा यांपैकी कशाचा, हे सांगता येत नाही. लेझर डायोडचा उत्सर्जक भाग चिंचोळा असल्याने अनेक उपकरणांत हा ठिपका गोल नसून आयताकृती असतो. तो उभा लांब असेल तर सपाट माळावर अलीकडची जमीन मोजली जाण्याचा धोका वाढतो, आडवा असेल तर तो धोका कमी होतो. शिवाय भिंगातील खूण आणि प्रत्यक्ष शलाका एकमेकांवर बसलेली असतेच असे नाही. याची परीक्षा सोपी आहे : मागे मोकळे आकाश असलेला दूरचा विजेचा खांब निवडावा, उपकरण तिवईवर बसवून खूण डावीकडून उजवीकडे हळूहळू सरकवत सतत मोजणी करावी आणि खांबाचे अंतर कोठे उमटू लागते व कोठे थांबते, हे टिपावे, नंतर छपराच्या कडेवर हीच क्रिया वरून खाली करावी. खरी शलाका कोठे आहे आणि ती किती रुंद आहे, हे यातून कळते.

तरंगलांबीचा प्रश्नही महत्त्वाचा आहे. शिकाऱ्यांची बहुतेक उपकरणे ९०५ नॅनोमीटरची, तर अनेक लष्करी उपकरणे १,५५० नॅनोमीटरची असतात. दुसऱ्या तरंगलांबीचा प्रकाश डोळ्याच्या पुढच्या भागातील पाण्यात शोषला जाऊन दृष्टिपटलापर्यंत पोहोचत नसल्याने अधिक शक्तीचा स्पंद सुरक्षितपणे वापरता येतो; परंतु त्याच शोषणामुळे ओल्या पृष्ठभागावरून आणि बर्फावरून तो कमी परततो. पावसाळी किंवा हिमाच्छादित प्रदेशात शिकार करणाऱ्याने हे ध्यानी घ्यावे. झुडपांच्या आडून मोजताना पहिला नव्हे, तर सर्वांत दूरचा प्रतिसाद दाखवण्याची सोय असावी. डोंगरउतारावर कोनाचे मापही हवे, कारण गोळीच्या उतरणीचा हिशेब स्थूलमानाने क्षितिजसमांतर अंतरावर बसतो : ३० अंशांच्या चढावरील ५०० मीटर त्या हिशेबात ४३३ मीटर ठरतात.

उपकरण जे सांगत नाही

अंतर कळले तरी वारा कळत नाही. वर सांगितलेल्या गोळीला ताशी १६ किलोमीटरचा आडवा वारा ९०० मीटरवर दोन मीटरहून अधिक बाजूला नेतो आणि तिला तिथे पोहोचण्यास दीड सेकंदाहून जास्त वेळ लागतो. तेवढ्यात चरणारे जनावर एक पाऊल सहज टाकते. थिओडोर रूझवेल्ट यांच्या पुढाकाराने १८८७ मध्ये स्थापन झालेल्या बून अँड क्रॉकेट क्लबने लांब पल्ल्याच्या शिकारीवर आक्षेप घेतला आहे तो या कारणावरून, की धोका हेरण्याची जनावराची नैसर्गिक क्षमता तिथे निरुपयोगी ठरते. आयडाहो राज्याच्या नियमांनुसार मोठ्या जनावरांच्या शिकारीत रायफलीवर किंवा तिच्या दुर्बिणीत इलेक्ट्रॉनिक उपकरण बसवता येत नाही, मात्र दुर्बिणीतील खुणा उजळणाऱ्या दिव्याला सूट आहे. तेव्हा रायफलीवरचे उपकरण घेण्यापूर्वी त्या त्या राज्याचा नियम पाहणे आवश्यक ठरते.

भारतात वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ मुळे शिकारीचा प्रश्न मोजके कायदेशीर अपवाद वगळता उद्भवत नाही, आणि कोल्हापूर जिल्ह्यातील स्वप्नील कुसाळे यांनी २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये ज्या प्रकारात कांस्यपदक मिळवले, त्यात अंतर ५० मीटर असे ठरलेलेच असते. रेंजफाइंडरचे खरे क्षेत्र अज्ञात अंतराचे आहे. त्या क्षेत्रात उतरणाऱ्याने प्रथम आपण कोणत्या पल्ल्यापर्यंत, वाऱ्यासह, दर वेळी मर्मभागात गोळी घालू शकतो हे सरावाच्या मैदानावर ठरवावे, त्या पल्ल्याच्या दीडपट अंतरावर मातकट लक्ष्य भर उन्हात खात्रीने मोजणारे, अरुंद शलाकेचे उपकरण घ्यावे आणि त्यापुढच्या आकड्यासाठी पैसे मोजू नयेत.