बुलेटचा चिमटा बदलताना

जयपूरची राजपुताना कस्टम्स ही कार्यशाळा रॉयल एनफिल्डच्या गाड्यांना नवं रूप देण्यासाठी ओळखली जाते. अशा कामात टाकी आणि सीट आधी नजरेत भरतात. पण गाडीची चाल ठरते ती मागच्या चिमट्यावर, म्हणजे स्विंगआर्मवर. त्याचं एक टोक चॅसीला बुशांवर टेकलेलं असतं, दुसऱ्या टोकाला चाकाचा अ‍ॅक्सल. खड्ड्यात चाक वर-खाली होतं ते याच्याच आधाराने.

चिमटा लांब घेतला तर गाडी सरळ रस्त्यावर स्थिर राहते, पण वळायला जड होते. शॉक अ‍ॅब्सॉर्बरच्या जागा हलल्या, तर त्यांच्यावरचा भारही बदलतो.

जुन्या बुलेटमध्ये आणखी एक गाठ असते. मागच्या ब्रेकच्या ड्रमवरच चेनचं दातेरी चाक असतं आणि ब्रेक डाव्या पायाखाली. त्यामुळे ड्रम काढून डिस्क बसवायची, तर हब, चेनची रेषा, पेडल आणि मास्टर सिलिंडर या सगळ्यांचीच नव्याने जुळणी करावी लागते. ब्रेक लागताच कॅलिपर चाकाबरोबर फिरू पाहतो. त्याला धरून ठेवणारी पट्टी भक्कम हवी. तिथलं वेल्डिंग कच्चं राहिलं, तर चाक जाम होऊ शकतं.

शेवटी दोन्ही चाकं एका रेषेत आहेत ना, हे दोरी ताणून पाहावं. आणि मोटार वाहन कायद्याचं कलम 52 विसरू नये: मूळ रचनेतल्या बदलांवर त्यात मर्यादा आहेत.