हद्द ओलांडणारा पू

तापाने फणफणलेला माणूस खुबा धरून लंगडत येतो. एकाच कुल्ल्यात ठणका, कूस बदलली तरी कळ. लखनौत तो ‘कूल्हे में दर्द’ म्हणतो. आपल्याकडे उसण भरली म्हणून शेक घेतो. एक्स-रे काढावा तर अगदी स्वच्छ! जंतूंनी हाड कुरतडल्याची खूण एक्स-रेवर उमटायला दोन-तीन आठवडे जातात.

दुखणं असतं सेक्रोइलियाक सांध्यात. माकडहाडाच्या वरचं त्रिकास्थी आणि कमरेचं रुंद हाड जुळतं, तिथे. गुडघा सुजला तर हाताला कळतं. हा सांधा जाड अस्थिबंधांच्या आड इतका खोल, की सूज चाचपता येत नाही. डॉक्टर रुग्णाला उताणं निजवतात, एक घोटा दुसऱ्या गुडघ्यावर ठेवायला सांगतात आणि वाकलेला गुडघा हलकेच खाली दाबतात. कळ मागे कुल्ल्यात उठली, की संशय बळावतो. पण संशयच.

पुरावा शोधण्याची गोष्ट १९३७ साली एका टपालातून सुरू होते. अमेरिकेत बर्कलेला अर्नेस्ट लॉरेन्स यांच्या सायक्लोट्रॉनमध्ये वापरून झालेली मॉलिब्डेनमची पट्टी सिसिलीत पालेर्मोला एमिलिओ सेग्रे यांच्या हाती पडली. तिच्यात त्यांना आणि कार्लो पेरिए यांना ४३ क्रमांकाचं मूलद्रव्य सापडलं. आवर्तसारणीतली ती जागा तोवर रिकामी होती. टेक्नेशियम हे नाव नंतरचं.

त्याचं टेक्नेशियम-९९एम हे रूप दर सहा तासांनी निम्मं होतं, आणि त्याचे गॅमा किरण शरीराबाहेरच्या कॅमेऱ्याला दिसतात. पण ते आपणहून हाडाकडे जात नाही. १९७१ साली न्यूयॉर्क राज्यात सिरॅक्यूजला गोपाल सुब्रमणियन आणि जॉन मॅकॅफी यांनी त्याची फॉस्फेटशी गाठ मारली. हाड जिथे नव्याने घडत असतं, तिथे फॉस्फेट गोळा होतं. शिरेत सुई टोचा, दोन-तीन तास थांबा. एक्स-रे गप्प असतानाच दुखरी बाजू चमकून उठते.

सहा तासांत निम्मा होणारा माल दूरवर पाठवायचा कसा? त्याची आई पाठवायची: ६६ तासांनी निम्मं होणारं मॉलिब्डेनम-९९. रोज सकाळी ते भरलेल्या पेटीतून सलाइनने टेक्नेशियम उतरवून घेतात. या क्षेत्रातले लोक पेटीला ‘गाय’ म्हणतात आणि कामाला ‘दूध काढणं’. नवी मुंबईत वाशीला ‘ब्रिट’ संस्था अशा पेट्या, म्हणजे जनरेटर, तयार करते.

लखनौच्या संजय गांधी स्नातकोत्तर आयुर्विज्ञान संस्थेत न्यूक्लिअर मेडिसिनचा विभाग आहे, तसा सांधेवाताच्या रुग्णांना पाहणारा क्लिनिकल इम्युनॉलॉजीचाही. खरा पेच या दोहोंच्या मध्ये आहे. अँकिलोजिंग स्पॉन्डिलायटिस नावाचा सांधेवातही हाच सांधा धरतो. त्याच्या काही औषधांनी प्रतिकारशक्ती दाबली जाते. जंतुसंसर्गात तीच औषधं दिली तर जंतूंना रान मोकळं. स्कॅनवरची चमक मात्र दोन्हींत सारखीच.

इथे एमआरआय कामी आला. १९७३ साली पॉल लॉटरबर यांनी या तंत्राने काढलेलं, पाणी भरलेल्या दोन बारीक नळ्यांचं चित्र छापलं. ‘नेचर’ या नियतकालिकाने तो निबंध आधी नाकारला होता. पाणी दिसणं हेच या यंत्राचं बळ. सुजलेली अस्थिमज्जा, सांध्यातला स्राव, सगळं दिसतं. सांधेवात सहसा सांध्याच्या हद्दीत राहतो आणि बहुधा दोन्ही बाजूंना असतो. पू मात्र बहुधा एकाच बाजूला असतो, हद्द ओलांडतो आणि पुढच्या स्नायूत शिरतो. स्नायूतला तो पांढरा डाग निदानाची दिशाच फिरवतो.

जंतूचं नाव कोणत्याही चित्रात नसतं. तो स्टॅफिलोकॉकस असेल, क्षयाचा असेल, किंवा कच्च्या दुधातून आलेला ब्रुसेला. दुधाच्या उत्पादनात आघाडीवर असलेल्या उत्तर प्रदेशात त्याचा विचार करावाच लागतो. रक्ताची तपासणी होते, आणि गरज पडली तर सीटी स्कॅनच्या आधाराने सुई सांध्यात घालून स्राव काढतात.

ताप आहे, एकाच कुल्ल्यात ठणका आहे आणि एक्स-रे नॉर्मल आहे, तर एमआरआयबद्दल डॉक्टरांना विचाराच. घरात उरलेली अँटिबायोटिक मात्र त्याआधी घेऊ नका. अर्धवट मारलेला जंतू कल्चरमध्ये, म्हणजे जंतू वाढवून पाहण्याच्या चाचणीत, बऱ्याचदा उगवत नाही.