अंबाबाईच्या अंगणातील एक रात्र

आश्विन शुद्ध पक्षात मूळ नक्षत्रावर सरस्वतीचे आवाहन करावयाचे आणि श्रवणावर विसर्जन, असा शास्त्रार्थ आहे. आपल्या घरांतून त्या दिवशी पाटावर पोथ्या मांडतात. गवयाच्या घरी पोथीशेजारी तंबोराही उभा असतो. गेल्या नवरात्रात आवाहनाच्या दिवशी मी घरचा घट आणि सप्तशतीचा पाठ चिरंजीवांच्या स्वाधीन केला आणि पंढरपूरहून मिरजेची गाडी धरली. आयुष्यात प्रथमच नवरात्रात माझा पाय घराबाहेर पडला.

निमित्त एका पोस्टकार्डाचे. मिरजेचे आमचे जुने तबलजी, ज्यांना आम्ही सगळे ‘भाई’ म्हणतो, त्यांनी लिहिले होते, ‘‘बुवा, अंबाबाईच्या देवळात नऊ रात्री गाणे आहे. सप्तमीला या. मास्तरही येणार आहेत.’’ शेवटचे वाक्य नसते तर मी बहुधा गेलो नसतो, आणि तेच वाक्य वाचून जाऊ नये असेही दोन दिवस वाटत राहिले.

मास्तर म्हणजे आमचे पेटीवाले. पेशाने प्राथमिक शिक्षक, म्हणून मास्तर. माझ्या पंचविशीपासून ते आणि भाई माझ्या साथीला असत. कृष्णाकाठची गावे, देवळांचे उत्सव, रामनवमी ते हनुमानजयंती अशी आमची फिरती चाले. एस. टी.च्या टपावर पेटी, भाईंच्या मांडीवर डग्गा आणि माझ्या पिशवीत झांज, चिपळ्या व उपरणे. १९८७ साली चैत्रात एका गावी उत्तररंग ऐन भरात असताना संस्कृत श्लोकाचे दोन चरण म्हणून झाले आणि तिसरा चरण आठवेना. मास्तरांनी ते क्षणात ओळखले. मला अवसर मिळावा म्हणून त्यांनी मागच्याच पदाची चाल पेटीवर खुलवत नेली. श्रोत्यांनी माना डोलावल्या, कोणी ‘वाहवा’ म्हटले, आणि त्या ‘वाहवा’ने माझी मती फिरली. भर सभेत मी म्हणालो, ‘‘मास्तर, कीर्तन बुवाचे आहे, पेटीचे नव्हे.’’

लोक हसले. मास्तरांनी मान खाली घातली आणि आरती होईपर्यंत चोख साथ केली. बिदागीतला आपला वाटा घेऊन पहाटेच्या गाडीने ते गेले, ते पुन्हा माझ्यामागे बसले नाहीत. त्यांनी चूक झाकली आणि मी त्यांनाच उघडे पाडले, हे जाणणारे त्या सभेत आम्ही तिघेच होतो. त्यानंतर शेकडो वेळा व्यासपीठावरून अहंकाराचे निरूपण मी केले असेल. पत्र मात्र एकही लिहिले नाही.

असो. मिरज म्हटले की कीर्तनकाराच्या मनात प्रथम उभे राहतात ते पंडित विष्णु दिगंबर पलुसकर. १८७२ साली कुरुंदवाडास एका कीर्तनकाराच्याच घरी त्यांचा जन्म. लहानपणी शोभेच्या दारूने डोळ्यांना इजा झाली, शाळा सुटली आणि मिरजेत बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांकडे त्यांचे गाणे सुरू झाले. पुढे १९०१ मध्ये लाहोरास गांधर्व महाविद्यालय काढणाऱ्या या पुरुषाने १९३१ साली देह ठेवला तोही मिरजेतच. त्याच गावात मीरासाहेबांच्या दर्ग्याच्या आवारात, १९३७ मध्ये पैगंबरवासी झालेले खाँसाहेब अब्दुल करीम खाँ विसावले आहेत, आणि त्यांच्या स्मरणार्थ तेथे उरुसात गवई हजेरी लावतात. अंबाबाईपुढे नवरात्रात गाणारा कलावंत आणि दर्ग्यापुढे उरुसात गाणारा कलावंत पुष्कळदा एकच असतो. मिरजेला याचे नवल वाटत नाही.

दुपारी भाईंबरोबर तंतुवाद्ये करणाऱ्यांच्या आळीत गेलो. माळ्यांवर भोपळे टांगलेले होते. हे कडू भोपळे बहुतेक आमच्या भीमाकाठच्या मळ्यांतून येतात. पंढरीच्या मातीतला भोपळा मिरजेत येऊन तंबोरा होतो, याचा मला जरा अभिमानच आहे. भोपळा खाण्याच्या उपयोगाचा नाही म्हणूनच तो या कामी येतो, हेही खरे! एक वृद्ध कारागीर जवारी काढीत बसले होते. तारा ज्या घोडीवरून जातात तिचा माथा कानसेने अगदी किंचित घासायचा, तार छेडायची, ऐकायचे, पुन्हा घासायचे. मग तार आणि घोडी यांमध्ये सुताचा बारीक धागा सरकवून अशी जागा शोधायची की एका तारेतून अनेक स्वरांचा झंकार उठावा. अर्धा तास मी पाहत होतो. त्या गृहस्थांनी वर पाहिले नाही. २०२४ साली मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळाले. आनंद आहे. मात्र ‘‘मुले या धंद्यात बसत नाहीत’’, हे त्या आळीत मी दोनदा ऐकले.

रात्री देवीची आरती झाल्यावर प्रांगणात बैठक जमली. वर ताडपत्री, बाजू मोकळ्या, सतरंज्यांवर माणसे दाटून बसलेली. पुढच्या रांगेत काठी मांडीवर आडवी घेऊन मास्तर बसले होते. केस पांढरे, खांदे उतरलेले. भाईंनी मला नेमके त्यांच्या शेजारी बसविले आणि स्वतः पानसुपारीच्या निमित्ताने उठून गेले. आम्ही एकमेकांना नमस्कार केला. ‘‘प्रवास बरा झाला?’’ ‘‘झाला.’’ एवढेच बोलणे झाले.

तरुण गायिकेने दुर्गा राग मांडला. गांधार आणि निषाद वर्ज्य करून उरलेल्या पाच स्वरांत हा राग उभा राहतो, आणि नवरात्रात देवीसमोर तो ऐकताना नावाचेही सार्थक वाटते. बाई विलंबितात रंगल्या असता हस्ताचा पाऊस आला. वारा सुटला, ताडपत्री फडफडली आणि वीज गेली. ध्वनिक्षेपक मुका झाला. काही मंडळी देवळाच्या ओवरीत धावली, उरलेली पुढे सरकली. गायिका थांबल्या नाहीत. दोन तंबोरे, समईचा उजेड आणि पत्र्यावरचा पाऊस, एवढ्यावर त्या गात राहिल्या. ध्वनिक्षेपकाने इतका वेळ दडपून टाकलेली तंबोऱ्याची जवारी आता प्रथमच ऐकू येऊ लागली, आणि दुपारी कानस चालविणारा तो हात मला आठवला. शार्ङ्गदेवाने संगीतरत्नाकरात नादाचे विवेचन आरंभीच का केले, हे विद्यार्थ्यांना मी वर्षानुवर्षे शिकविले आहे. त्या अंधारात ते मला ऐकू येत होते.

मध्यंतरात चहा आला. कपबशी माझ्या हाती देत मास्तर खालच्या आवाजात म्हणाले, ‘‘बुवा, तिसरा चरण आठवला का हो?’’

इतक्या वर्षांत मनाशी घोळविलेली सारी वाक्ये घशात अडकली. मी म्हणालो, ‘‘आठवला, मास्तर. तुम्ही गेलात त्याच पहाटे, एस. टी.चा आवाज दूर गेल्यावर.’’

‘‘मग म्हणा की.’’

मी तो श्लोक चारही चरणांनिशी म्हटला. तिसऱ्या चरणावर आवाज हलला, ते त्यांना कळले असणार. त्यांच्या कानातून काही सुटत नाही. मी म्हणालो, ‘‘चूक माझी होती. त्या रात्रीच सभेत सांगावयास हवे होते.’’ मास्तर थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, ‘‘मलाही राग सोडता आला नाही, बुवा. तुमचे कीर्तन आमच्या पेठेत झाले तेव्हा मी देवळाच्या मागच्या भिंतीशी उभा राहून ऐकले, पण पुढे आलो नाही. साथीला पोरगा होता. त्याला तुमचा श्वास कळत नव्हता.’’

इतक्यात भाई परत आले. आम्हां दोघांच्या तोंडाकडे पाहून ‘‘चहा थंड झाला वाटते’’ एवढेच ते बोलले, आणि दुसरा मागविला.

भैरवी झाली तेव्हा पाऊस ओसरला होता. मास्तर मला स्थानकावर पोचवावयास आले, नको म्हटले तरी. पाच वर्षांत त्यांनी पेटीला हात लावलेला नाही. भाता फाटला आहे, दोन सूर अडकतात. खंडेनवमीला तिची पूजा करून दसऱ्यानंतर दुरुस्तीस टाकतो, असे ते म्हणाले. कार्तिकीच्या वारीत द्वादशीला माझे कीर्तन असते, हे त्यांना ठाऊक होते. ते मी सांगितले नव्हते.

‘‘काळी दोन आता तुमच्याने होत नसेल,’’ गाडीच्या खिडकीशी उभे राहून त्यांनी विचारले. ‘‘सूर कोणता धरू?’’

‘‘पांढरी एक,’’ मी म्हणालो.

‘‘बरे,’’ मास्तर म्हणाले, आणि काठी टेकीत फलाटावरून चालू लागले.